मँटू १४ मिलिमीटर आली, म्हणजे वॉर्डातूनच टीबी लागला का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय २४, जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली, तालुक्याच्या गावी खासगी रुग्णालयात फिमेल मेडिकल वॉर्डात दोन वर्षं ड्यूटी. न्यूमोनिया म्हणून दाखल झालेल्या एका बाईंची थुंकी सहाव्या दिवशी सीबीनॅटवर (टीबीचा जंतू शोधणाऱ्या यंत्रावर) पॉझिटिव्ह आली. तोवर त्यांचं नेब्युलायझेशन (औषधाची वाफ देणं), सक्शन (नळीने कफ ओढून काढणं), स्पंजिंग सगळं तू साध्या सर्जिकल मास्कवर केलंस. रिपोर्टनंतर तिसऱ्या दिवशी मँटू, म्हणजे टीबीच्या लागणीची त्वचेवरची चाचणी, टोचून घेतलीस, ती १४ मिलिमीटर आली. एक्स-रे स्वच्छ, खोकला-ताप काही नाही. तुला विचारायचंय ते असं: मला टीबी झालाय का, गोळ्या घ्याव्यात का, आणि घरी भावाचं पाच महिन्यांचं बाळ आहे त्याला माझ्यामुळे काही होईल का? वर आई म्हणते, नोकरीच सोड.

वयाने माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून सरळ 'तू' म्हणतेय. मी सरकारी रुग्णालयांत नोकरी केली. आधी छातीच्या वॉर्डात, मग मेडिकल वॉर्डाची परिसेविका, आणि निवृत्त होईपर्यंत संसर्ग नियंत्रणाचं काम. औषध लिहून देणं माझ्या अखत्यारीत नाही, ते तुझे डॉक्टर ठरवतील. पण स्टाफपैकी कुणाला, कुठे, कशी लागण होते हे बघणं हेच माझं काम होतं, त्यावरून सांगते.

बाळाचं आधी, कारण झोप त्यानेच उडवली असणार. टीबी युनिफॉर्मवरून, डब्यावरून, पांघरुणावरून घरी येत नाही. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, बोलतो, तेव्हा बारीक थेंब बाहेर पडतात. ते सुकले की एक ते पाच मायक्रॉनचे कण उरतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. लागण होते ती हे कण श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर गेले तर. चादरीवर पडलेला बेडका पुन्हा तेवढा बारीक होऊन हवेत उडत नाही. तुला खोकला नाही, एक्स-रे स्वच्छ आहे, म्हणजे तुझ्यापासून कुणाला काही होण्याचं कारण नाही. बाळाला खुशाल घे. त्याला बीसीजी टोचलेली आहे ना एवढं वहिनीला विचार. राहिली असेल तर वर्षाच्या आत देता येते. घरी गेल्यावर हात-पाय धुवायचे, आंघोळ करायची, ते कर. पण ते हातावरून येणाऱ्या बाकीच्या जंतूंसाठी, टीबीसाठी नाही.

आता मँटू. त्यात टोचतात ती टीबीच्या जंतूंची प्रथिनं. शरीराला जंतूची आधीची ओळख असेल तर ४८ ते ७२ तासांत तिथे कडक फुगवटा येतो. पण लागण झाल्यावर ही ओळख तयार व्हायला साधारण दोन ते आठ आठवडे जातात. तू कॅलेंडर घेऊन बस. बाई दाखल झाल्या त्या दिवसापासून तुझी मँटू वाचली त्या दिवसापर्यंत पुरते दोन आठवडेही भरत नाहीत. म्हणजे हे १४ मिलिमीटर जवळजवळ नक्कीच त्या बाईंकडून आलेले नाहीत. ते आधीचे आहेत. कधीचे? ट्रेनिंगच्या पोस्टिंगमधले असतील, शाळेत खोकणाऱ्या एखाद्या सरांचे असतील, एसटीतले असतील, शेजारच्या आजोबांचे असतील. शोधून सापडत नाही. २०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या क्षयरोग सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांमध्ये अशी जुनी लागण दिसली होती. यात रुग्णालयाची पायरीही न चढलेले लोक आले.

मोजलं कुणी, हेही विचार. लालसर झालेला भाग मोजायचा नसतो, कडक झालेला मोजायचा असतो. लॅबमधला मुलगा घाईत असला की लाली धरून आकडा लिहून मोकळा होतो. आम्ही बॉलपेनने करायचो: फुगवट्याच्या बाहेरून पेन हळूहळू आत सरकवायचं, कातडीखाली अडल्यासारखं लागलं की तिथे थांबायचं, दुसऱ्या बाजूनेही तसंच करायचं आणि दोन रेघांमधलं अंतर हाताच्या आडव्या दिशेत पट्टीने मोजायचं. असं मोजल्यावर कित्येकींचे १४ चे ९ झालेले आहेत. १० किंवा त्याहून जास्त असेल तर आपल्याकडे सहसा पॉझिटिव्ह धरतात. बीसीजीमुळेही फुगवटा येऊ शकतो, पण तान्हेपणी टोचलेल्या बीसीजीचा हा परिणाम मोठेपणी बहुतेकींत ओसरलेला असतो, त्यामुळे सगळं खापर तिच्यावर फोडता येत नाही. बीसीजीचा गोंधळ टाळायचा असेल तर इग्रा ही रक्ततपासणी आहे, आणि आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सायटीबी नावाची त्वचेवरची नवी चाचणीही आहे. पण तिन्हींपैकी एकही चाचणी लागण कधी झाली ते सांगत नाही आणि आजार आहे का तेही सांगत नाही. लागण झालेल्या, बाकी धडधाकट शंभर जणांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यभरात कधीतरी आजार होतो, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या दोन वर्षांत. उरलेल्यांत जंतू शरीरात दबून राहतो.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: लक्षणं नाहीत, एक्स-रे स्वच्छ, म्हणून आजार नाही. लागण आहे, बहुधा जुनी.

पण माझ्या मते तुझा खरा प्रश्न त्या एका बाईंचा नाहीच. पुढची वीस-पंचवीस वर्षं याच वॉर्डात काढायची, तर त्यात धोका किती आणि तो कुठून येतो, हे तुला समजायला हवं. धोका आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याच वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत ७२६ कर्मचाऱ्यांची मँटू आणि इग्रा दोन्ही केली होती. अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्मे लोक दोहोंपैकी एका तरी चाचणीत पॉझिटिव्ह निघाले, आणि या क्षेत्रात जितकी वर्षं जास्त तितकं प्रमाण जास्त होतं. दक्षिण भारतातल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींचा एक अभ्यास २०११ मध्ये आला. त्यात शंभर निगेटिव्ह मुलींमागे वर्षाला जवळपास आठ जणींना नवी लागण होताना दिसली, बाहेरच्या समाजापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे शिकायला आलेली, इन्चार्ज सिस्टर सांगेल ते निमूट करणारी, रुग्णाच्या उशाशी सगळ्यात जास्त वेळ असणारी पोरगीच यात सापडते.

हे नवीन नाही. ओस्लोच्या उलेवाल रुग्णालयात जोहानेस हाइमबेक या डॉक्टरांनी १९२४ पासून नर्सिंगला येणाऱ्या मुलींची ट्युबरक्युलिन चाचणी (मँटूच्याच जातीची) करायला सुरुवात केली. येताना निगेटिव्ह असलेल्या मुली तीन वर्षांचं शिक्षण संपेपर्यंत जवळजवळ सगळ्या पॉझिटिव्ह झालेल्या असत. आणि आजारी कोण पडत होतं, तर मुख्यतः येताना निगेटिव्ह असलेल्या. आधीच पॉझिटिव्ह असलेल्या मुली त्याच वॉर्डांत काम करून तुलनेने बऱ्या राहत. जुनी, दबलेली लागण नव्या लागणीविरुद्ध थोडाफार आधार देते, असं त्या काळातल्या अशा अभ्यासांवरून दिसतं. तुझ्या १४ मिलिमीटरकडे एकदा या बाजूनेही बघ. पूर्ण कवच नव्हे, पण तू कोरी पाटी घेऊन त्या बाईंसमोर उभी नव्हतीस.

धोका नेमका कुणाकडून, यावर बाल्टिमोरच्या रिचर्ड रायली यांचं काम मला नेहमी पटत आलंय. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी टीबी वॉर्डातली हवा नळावाटे छतावरच्या गिनीपिगांच्या खोलीत सोडली आणि कुठल्या गिनीपिगला कुठल्या रुग्णाचा जंतू लागतो ते बघितलं. बहुतेक लागण मोजक्याच रुग्णांकडून झाली. काहींकडून काहीच झाली नाही. जंतू ज्याला दाद देतो असं औषध चालू असलेले रुग्ण तर फारसे संसर्गजन्य राहिले नव्हते. त्याच सुमाराला मद्रासच्या क्षयरोग औषधोपचार केंद्राचे निष्कर्ष आले: घरी राहून उपचार घेणाऱ्यांच्या घरच्यांना, सॅनेटोरियममध्ये ठेवलेल्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त टीबी झाला नाही. कारण एकच, औषध सुरू झालं की पसरणं झपाट्याने कमी होतं.

आता आपल्या वॉर्डात काय चालतं ते आठव. डॉट्सच्या गोळ्या दोन महिने घेतलेला पेशंट पाय मोडून ऑर्थोला आला तरी सगळ्यांचे मास्क वर चढतात, मावशी पाण्याचा तांब्या दुरून सरकवतात. आणि शेजारच्या वॉर्डात तीन आठवडे खोकणारी, वजन उतरलेली बाई 'न्यूमोनिया' किंवा 'दमा' म्हणून पडून असते, तिच्याजवळ सगळे उघड्या तोंडाने. भीती आणि धोका यांच्या जागा बरोबर उलट्या. त्या बाईंकडून जे व्हायचं ते पहिल्या सहा दिवसांत. रिपोर्ट आला, गोळ्या सुरू झाल्या, तिथून धोका उतरायला लागला, आणि नेमका त्याच दिवशी तुमच्याकडे एन-९५चा खोका फुटला असेल.

म्हणून सगळ्यात मोठं संरक्षण म्हणजे ते सहा दिवस दोनावर आणणं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, बेडक्यात रक्त, यातलं काही असेल तर ॲडमिशनच्याच दिवशी थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटला जायला हवी. ट्रूनॅटचं यंत्र गोव्यात तयार झालेलं आहे, लहान आहे, तालुका पातळीवरही चालतं. नमुना हातात आल्यावर काही तासांत उत्तर मिळतं आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का तेही कळतं. हे सांगायला डॉक्टर असावं लागत नाही. केस पेपर भरताना "खोकला किती दिवस?" हा प्रश्न तू विचारायचास, उत्तर ठळक लिहायचंस, आणि राउंडला "सर, थुंकी पाठवू का?" म्हणायचंस. आमच्या वॉर्डात हा प्रश्न विचारणाऱ्या सिस्टरवर नवे रेसिडेंट आधी वैतागायचे, मग तिलाच विचारायला लागायचे. तोवर त्या पेशंटला सर्जिकल मास्क लाव आणि खिडकीजवळची कॉट दे. दक्षिण आफ्रिकेत रायलींसारखाच गिनीपिगांचा प्रयोग करून बघितलं, तेव्हा रुग्णांनी सर्जिकल मास्क लावला तेवढ्यानेच लागण ५६ टक्क्यांनी घटली. खोकणाऱ्याच्या तोंडावर साधा मास्क आणि आपल्या तोंडावर एन-९५, ही वाटणी लक्षात ठेव. उलटं करू नको. व्हॉल्व्हचा मास्क पेशंटला तर मुळीच नको, त्यातून त्याचा श्वास सरळ बाहेर येतो.

मग हवा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मास्कची खरेदी होते, खिडकीकडे कुणी बघत नाही.

खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते यावर सगळं अवलंबून असतं. तासाला दोनदा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण निघून जायला १३८ मिनिटं लागतात. सहादा बदलत असेल तर ४६, बारादा बदलत असेल तर २३. म्हणजे बंद एसी खोलीत पेशंटने सकाळी आठला खोकून ठेवलेलं तू दहाला, तो एक्स-रेला गेलेला असतानाही, श्वासात घेऊ शकतेस. पेरूत लिमाच्या रुग्णालयांत हे मोजून बघितलं, २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. नुसती दारं-खिडक्या उघडल्यावर हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती, यंत्राने हवा खेळवलेल्या, १२ वेळांच्या खोल्यांच्या दुपटीहून जास्त. त्यातही तेव्हाच पन्नासहून जास्त वर्षं झालेल्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या वॉर्डांत ४०, नव्या वॉर्डांत १७. आपली जुनी सिव्हिल हॉस्पिटलं आठव: दगडी भिंती, वरची झडपं, दोन्ही बाजूंना खिडक्या. त्यांची रंगरंगोटी करताना फॉल्स सीलिंग टाकून ती झडपं बुजवली की इमारत छान दिसते आणि हवा मरते.

तुझ्या वॉर्डात एक साधी चाचणी कर. दुपारी, पंखे बंद करून, एक उदबत्ती पेटव आणि तुमच्या सिस्टर टेबलाजवळ खुर्चीत बसल्यावर नाक येतं त्या उंचीवर धर. धूर कुठे जातो? खिडकीतून हवा आत येऊन तुझ्या पाठीमागून पेशंटकडे आणि पलीकडच्या खिडकीतून बाहेर जात असेल तर उत्तम. धूर पेशंटकडून टेबलाकडे येत असेल तर टेबल हलवायचं. त्याला मंजुरी लागत नाही, दोन वॉर्डबॉय मामा लागतात. धूर तिथेच घुटमळत सरळ वर चढला तर हवा साचलेली आहे. मग कॉटांच्या मध्ये धर, शेवटच्या कोपऱ्यात धर, एक्झॉस्ट फॅनपाशी धर. एक्झॉस्ट कित्येकदा उघड्या खिडकीच्या अगदी शेजारी बसवलेला असतो, म्हणजे तो खिडकीतून आलेली ताजी हवाच पुन्हा बाहेर फेकतो आणि वॉर्ड आहे तसाच. मच्छरजाळी बघ, ती धुळीने भरून भिंतीसारखी झालेली असते. ब्रशने धुऊन घेतली की फरक उदबत्तीवरच दिसतो. छताचा पंखा हवा फिरवतो, बदलत नाही. खिडक्या उघड्या असताना तो उपयोगी, बंद असताना कण सगळ्या वॉर्डभर नेऊन पोचवतो. स्प्लिट एसीचंही तसंच, तीच हवा गार करून परत देतो.

अडचण रात्रीची असते. थंडीत आणि डासांच्या दिवसांत नातेवाईक खिडक्या लावतात, वर पुठ्ठे कोंबतात. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. आम्ही पेशंटला जास्तीचं ब्लँकेट द्यायचो आणि वरची अर्धी झडप उघडीच राहील अशी खिळ्याने अडकवून ठेवायचो. कॉटखाली झोपणाऱ्या नातेवाइकांची गर्दी कमी करणं हाही संसर्ग नियंत्रणाचाच भाग आहे, पण ते जमलं तर जमलं.

नेब्युलायझेशन आणि सक्शन ही दोन कामं वेगळी धर, कारण त्यांत खोकला आपण मुद्दाम काढतो. थुंकीचा नमुना घेणं, ब्राँकोस्कोपी, इंट्युबेशन, शवविच्छेदन हेही त्याच माळेतलं. नमुना वॉर्डात, स्टोअरमध्ये किंवा बाथरूममध्ये घ्यायचा नाही. पेशंट चालत असेल तर त्याला बाहेर व्हरांड्यात, मोकळ्या आकाशाखाली पाठव, आणि तू शेजारी उभी राहू नको. या कामांना एन-९५ हवाच. तोही नीट बसलेला. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची, दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा. गालाशी किंवा डोळ्यांखाली वारा लागला की तो मास्क तुझ्या तोंडाचा नाही, दुसरा आकार माग. वरचा पट्टा डोक्याच्या वरच्या भागावर, खालचा मानेवर. दोन्ही मानेवर घेतले की फट पडते. आपल्याकडे मास्क रोज नवा मिळत नाही, तेव्हा नाव लिहून कागदी पाकिटात ठेव. धुवायचा नाही, त्यावर सॅनिटायझर मारायचा नाही, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचा नाही. ओला झाला, पट्टा सैल झाला, की टाकून द्यायचा. आणि आठ तास एन-९५ लावून कुणी राहत नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणूनच तर हवेवर इतकं बोलले. मास्क नाकाखाली येतो, उघडी खिडकी रात्रपाळीलाही थकत नाही.

गोळ्यांचं उत्तर 'अवलंबून आहे' असंच आहे. टीबी प्रतिबंधक उपचाराच्या २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पहिला भर आहे तो एचआयव्हीसह जगणाऱ्यांवर आणि फुप्फुसाचा टीबी झालेल्याच्या घरातल्या माणसांवर. पुढे डायलिसिसवरचे, अवयव प्रत्यारोपणाच्या तयारीतले, सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) असलेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे. मँटू पॉझिटिव्ह आली म्हणून सरसकट प्रत्येक नर्सला गोळ्या द्यायच्या म्हटलं तर निम्मा स्टाफ गोळ्यांवर जाईल, आणि खिडक्या बंदच राहिल्या तर गोळ्या संपल्यावर नवी लागण वाट बघत असेलच. तुझ्या बाबतीत डॉक्टर हे बघतील: मधुमेह आहे का (त्याने आजार होण्याची शक्यता दोन-तीन पटीने वाढते), वजन फार कमी आहे का, स्टेरॉइड चालू आहेत का, यकृताचा त्रास आहे का, गरोदर आहेस का. आणि महत्त्वाचं, नोकरीला लागताना मँटू किंवा इग्रा केली होती का? ती निगेटिव्ह असेल आणि आता १४ असेल, तर लागण गेल्या दोन वर्षांतली ठरते आणि गोळ्यांचं पारडं बरंच जड होतं. कधी केलीच नसेल, तर जुनी लागण, धडधाकट शरीर, लक्षणं नाहीत, अशा मुलीला बरेच छातीविकार तज्ज्ञ नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. दोन्ही निर्णय समंजस असू शकतात.

घ्यायच्याच ठरल्या तर रोज आयसोनियाझिड सहा महिने, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेन्टिन आठवड्यातून एकदा, असे बारा डोस. दुसरा कोर्स पूर्ण होण्याची शक्यता जास्त, पण त्याने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो आणि लघवी नारिंगी होते, घाबरायचं नाही. सुरू करण्याआधी आजार नाही याची खात्री हवीच, कारण आजार असताना अपुरी औषधं दिली की जंतू त्यांनाच निर्ढावतो. त्या बाईंच्या सीबीनॅटवर रिफाम्पिसिनबद्दल काय लिहिलंय तेही बघून ठेव. तिथे 'रेझिस्टंट' असेल तर वरचे दोन्ही कोर्स बाजूला पडतात आणि सल्ला वेगळा असतो; जिल्हा क्षयरोग केंद्रातूनच घे.

मँटू मात्र पुन्हा करू नको. एकदा पॉझिटिव्ह आलेली पुढेही पॉझिटिव्हच येत राहणार, त्यातून नवं काही कळणार नाही. यापुढे बघायचं ते शरीराकडे. दर महिन्याला एकाच काट्यावर वजन कर. दोन आठवडे खोकला, संध्याकाळी कणकण, रात्री घाम, मानेत गाठ. तुझ्या वयात छातीत पाणी होणंही बऱ्यापैकी दिसतं: एका कुशीला दुखतं, जिना चढताना दम लागतो आणि खोकला असतो कोरडा, म्हणून मुली 'मसल पेन' समजून डायक्लोफेनॅक खात राहतात. आणि आपल्या जमातीची एक खास खोड आहे, वॉर्डाच्या कपाटातून पाच दिवसांची लिव्होफ्लॉक्सासिन स्वतःच घ्यायची. ती करू नको. हे औषध टीबीच्या जंतूवर थोडंफार चालतं. खोकला तात्पुरता दबतो, थुंकी निगेटिव्ह येते आणि निदान महिना-दोन महिने पुढे जातं. दरम्यान तू इतरांना खोकत असतेस. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी दे, बस. आपल्या रुग्णालयात लाज वाटत असेल तर दुसऱ्या सरकारी दवाखान्यात दे, तपासणी मोफत आहे.

नोकरी सोडायचं आईला काय सांगायचं? मला विचारशील तर सोडू नको. सोडल्याने शरीरातली जुनी लागण जात नाही. बदली मागण्यासारखी परिस्थिती असते: गरोदरपण, केमोथेरपी, प्रत्यारोपण, एचआयव्ही, मोठ्या डोसचे स्टेरॉइड. अशा सिस्टरला छातीच्या वॉर्डातून आणि सक्शनच्या कामातून बाजूला ठेवावं. तो तिच्यावरचा उपकार नव्हे. तू त्यात नाहीस. आईला वॉर्डाच्या खिडक्या दाखवून आण म्हणणार नाही, पण बाळाबद्दल जे वर लिहिलंय ते वाचून दाखव. कुणी लग्नाच्या चौकशीत मँटूचा विषय काढलाच, तर तो आजार नाही; आणि ज्यांनी विचारलं त्यांच्या घरातही तीनातल्या एकाची पॉझिटिव्हच यायची.

शेवटी कागद, हे खासगी रुग्णालयात कुणी करत नाही म्हणून सांगते. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ च्या तिसऱ्या परिशिष्टात रुग्णसेवेच्या आणि प्रयोगशाळेच्या कामात होणारे संसर्गजन्य आजार व्यावसायिक आजार म्हणून धरलेले होते; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) जुन्या कायद्यातही तशीच यादी होती. राज्य सरकारच्या नोकरीत असतीस तर रजा नियमांत क्षयरोगासाठी वेगळी रजाही आहे. उद्या खरंच आजार झाला तर 'हा कामावरून झाला' हे दाखवायला आजची नोंद लागते. म्हणून याच आठवड्यात मेट्रनच्या नावे अर्ज दे: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक वॉर्डात, नंतर फुप्फुसाचा टीबी निघालेल्या रुग्णाची सेवा केली, सक्शन आणि नेब्युलायझेशनच्या वेळी एन-९५ उपलब्ध नव्हता, मँटूचा आणि एक्स-रेचा निकाल असा. रुग्णाचं नाव लिहू नको, इनडोअर नंबर पुरे. त्याच अर्जात, नवीन लागणाऱ्या मुलींची रुजू होतानाच मँटू किंवा इग्रा करावी अशीही एक ओळ टाक. दोन प्रती काढ, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेऊन ती घरी ठेव.